मेंदूचे ऑर्गनॉइड : कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूलपेशींपासून, म्हणजे शरीरातील वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी होऊ शकणाऱ्या पेशींपासून, प्रयोगशाळेत मेंदूसारखी ऊती वाढवता येते, ही बातमी वाचल्यावर लोकांच्या मनात येणाऱ्या शंका बहुतेक सारख्याच असतात. पुढील प्रश्न कोल्हापूर आणि परिसरातील महाविद्यालयांत, वाचनालयांच्या व्याख्यानांत आणि एकदा उद्यमनगरातल्या एका कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत विचारले गेले आहेत. ज्या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत संपते, तिथे ते दोन ओळींतच संपवले आहे. जिथे विषय खोल आहे, तिथे वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

मेंदूचा ऑर्गनॉइड म्हणजे नेमके काय?

मानवी मूलपेशींचा एक बारीक गोळा योग्य त्या पोषकद्रवात तरंगत ठेवला, तर त्यातील पेशी विभागतात, चेतापेशींच्या पूर्वज-पेशींमध्ये रूपांतरित होतात आणि गर्भातील मेंदू सुरुवातीच्या महिन्यांत ज्या क्रमाने घडतो, त्या क्रमाचा काही भाग स्वतःहून गिरवतात. अशा रीतीने तयार झालेल्या पांढुरक्या, किंचित पारदर्शक ऊतीला मेंदूचा ऑर्गनॉइड म्हणतात. पूर्ण वाढलेला ऑर्गनॉइड सुमारे ४ मिलिमीटरचा, म्हणजे भिजवलेल्या साबुदाण्याच्या एका दाण्याएवढा असतो. तो डोळ्यांना दिसतो. मात्र त्यात पाहण्यासारखे जे असते, ते सूक्ष्मदर्शकाखाली.

वर्तमानपत्रे त्याला ‘मिनी ब्रेन’ म्हणतात. मग तो छोटा मेंदूच नव्हे का?

नव्हे, आणि हा शब्द जितक्या लवकर मागे पडेल तितके बरे. प्रौढ माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. ऑर्गनॉइडमधील एकूण पेशी काही लाखांपासून काही दशलक्षांपर्यंत भरतात. संख्येचा हा फरकही दुय्यमच म्हणायला हवा, कारण ऑर्गनॉइडमध्ये रक्तवाहिन्या नसतात, डोळे-कान-त्वचा यांच्याकडून येणारे संदेश नसतात, हलवायला शरीर नसते आणि मेंदूचे वेगवेगळे भाग आपापल्या जागी बसवणारी पुढची-मागची दिशाही नसते. तालमीतल्या हौद्याची मूठभर तांबडी माती घरी आणली म्हणजे तालीम घरी आली असे होत नाही. मात्र त्या मातीत ताक, हळद आणि तेल किती मुरले आहे, हे त्या मुठीवरूनही कळते. ऑर्गनॉइडचा उपयोग त्या मुठीसारखा आहे. मेंदू विचार कसा करतो, हे तो सांगत नाही. मेंदूची ऊती घडते कशी आणि घडताना बिघडते कुठे, हे तो सांगतो.

या मूलपेशी आणतात कुठून? त्यासाठी गर्भ नष्ट करावा लागतो का?

आज बहुतेक कामांसाठी लागत नाही. अमेरिकेतील जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणापासून पहिल्यांदा मूलपेशी वेगळ्या केल्या, तेव्हा वंध्यत्वाच्या उपचारात उरलेले, काही दिवसांचे भ्रूण वापरले गेले होते आणि त्यावरून जगभर वाद झाले. मात्र क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशींमध्ये केवळ चार जनुके घालून त्यांना पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेत नेऊन दाखवले. या शोधासाठी त्यांना जॉन गर्डन यांच्यासह २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा पेशींना ‘आयपीएस’ पेशी म्हणतात. आपल्याकडे हे नाव घेतले की विद्यार्थ्यांना आधी स्पर्धा परीक्षा आठवते. पण येथे त्याचा अर्थ ‘प्रवृत्त केलेली मूलपेशी’ एवढाच आहे.

या पद्धतीने नैतिक प्रश्न सौम्य झाला, हा लाभ तर आहेच. शास्त्राच्या दृष्टीने मोठा लाभ वेगळा आहे. एखाद्या रुग्णाच्या रक्तातून किंवा त्वचेच्या बारीक तुकड्यातून केलेल्या आयपीएस पेशींत त्या रुग्णाचीच संपूर्ण जनुकीय घडण असते. म्हणून त्यांपासून वाढवलेला ऑर्गनॉइड हा ‘कोणाचा तरी’ नसून त्या व्यक्तीच्या मेंदूची सुरुवात पेशींच्या पातळीवर कशी झाली असेल, याचा अंदाज देणारा असतो. जन्मलेल्या मुलाच्या मेंदूची गर्भातील घडण मागे जाऊन पाहण्याचा दुसरा मार्ग जवळजवळ नाहीच.

प्रत्यक्षात तो वाढवतात कसा?

पद्धती अनेक आहेत. त्यांतील एका रूढ पद्धतीचा क्रम येथे देतो. बशीच्या तळाला चिकटून वाढणाऱ्या मूलपेशींच्या वसाहती विकराच्या साहाय्याने सुट्या करतात. ९६ खळगे असलेली एक प्लेट घेतात. तिच्या पृष्ठभागाला पेशी चिकटू नयेत अशी प्रक्रिया केलेली असते. प्रत्येक खळग्यात सुमारे ९,००० पेशी सोडतात. सुट्या झालेल्या मानवी मूलपेशी पटकन मरतात, त्यामुळे त्यांना तगवणारे एक रसायन पहिल्या काही दिवसांत पोषकद्रवात मिसळावे लागते. चिकटायला तळ नसल्यामुळे पेशी एकमेकींनाच धरतात आणि एका दिवसात प्रत्येक खळग्यात एक गोल गठ्ठा दिसू लागतो.

पाचव्या-सहाव्या दिवशी हा गठ्ठा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास पोहोचतो. आता पोषकद्रव बदलतात. नव्या द्रवात वाढीसाठी फारसे काही नसते, आणि हेच त्यातले मर्म आहे : बाहेरून वेगळा आदेश मिळाला नाही, तर या पेशींचा स्वाभाविक कल चेतासंस्थेकडे जाण्याचा असतो. काही पद्धतींत हा कल आणखी पक्का करण्यासाठी इतर मार्ग बंद करणारी रसायने घालतात. गठ्ठ्याची कड उजळ आणि गुळगुळीत दिसू लागली, की काम ठीक चालले आहे असे समजावे. कड फुसफुशीत आणि काळपट राहिली, तर ती तुकडी टाकून द्यावी. उकळत्या काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे गुळव्या नजरेने ओळखतो, तशीच ही नजर सरावाने येते. ती पुस्तकातून येत नाही, हे मी विद्यार्थ्यांना सांगत असतो आणि त्यांना ते पटत नाही.

अकराव्या दिवसाच्या सुमारास प्रत्येक गठ्ठा मॅट्रिजेल नावाच्या पदार्थाच्या थेंबात बसवतात. हे मॅट्रिजेल उंदराच्या एका प्रकारच्या गाठीपासून काढलेले प्रथिनांचे मिश्रण असते. बर्फावर ते पातळ राहते आणि ३७ अंश सेल्सियसला घट्ट होते, त्यामुळे सगळे काम बर्फावर आणि चपळाईने करावे लागते. या आधारामुळे पेशींचा थर बाहेरच्या बाजूला फुगतो आणि आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या तयार होतात. पुढे काही दिवसांनी हे थेंब फिरत्या पात्रात किंवा सतत हलणाऱ्या शेकरवर ठेवतात, म्हणजे प्राणवायू आणि पोषण सर्व बाजूंनी पोहोचते. तापमान ३७ अंश, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि दर तीन-चार दिवसांनी नवे पोषकद्रव, हा नेम मग कित्येक महिने चालतो.

या नेमात खंड पडलेला चालत नाही. मला ठाऊक असलेल्या एका प्रयोगशाळेत शेकर एका रात्री बंद पडला आणि सकाळी वेगवेगळे गोळे एकमेकांना चिकटून एकच ओबडधोबड लोळा झालेला दिसला. दोन महिन्यांचे काम गेले. २०१९ च्या महापुरात कोल्हापूरच्या अनेक भागांत वीज आणि पाणी दोन्ही बंद होते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना अशा कामासाठी जनरेटर आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवलेला पेशींचा राखीव साठा का लागतो, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

साच्याशिवाय त्याला आकार येतो कसा?

हा प्रश्न उद्यमनगरात विचारला गेला. मला आजवर विचारल्या गेलेल्या प्रश्नांत तो सर्वांत नेमका होता. ओतकामात आधी पॅटर्न, मग वाळूचा साचा, आत पोकळी हवी असेल तर कोअर आणि मग रस, असा क्रम असतो. धातूला स्वतःचे मत नसते. गर्भातील ऊतीचे तसे नाही. तिचा आकार बाहेरून दिलेला नसून पेशींच्या आपसातील वागण्यातून येतो.

याची पहिली ठळक साक्ष फार जुनी आहे. एच. व्ही. विल्सन यांनी १९०७ मध्ये समुद्री स्पंज रेशमी कापडातून दाबून त्याच्या पेशी सुट्या केल्या, तेव्हा त्या पेशी पुन्हा एकत्र आल्या आणि त्यांचा नवा स्पंज झाला. पुढे कळले, की पेशींच्या पृष्ठभागावर चिकटण्याची प्रथिने असतात आणि सारखी प्रथिने असलेल्या पेशी एकमेकींना अधिक घट्ट धरतात. शिवाय पूर्वज-पेशीला आतली आणि बाहेरची बाजू असते. गठ्ठ्यातील पेशी आपली आतली टोके एका मध्यबिंदूकडे वळवतात, तेव्हा मध्ये पोकळी तयार होते आणि तिच्याभोवती पेशी चाकाच्या आऱ्यांसारख्या उभ्या राहतात. ही पोकळी म्हणजे गर्भाच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या कोठ्यांचे प्रतिरूप.

या पोकळीच्या काठाला पूर्वज-पेशी विभागतात. सुरुवातीला एका पूर्वज-पेशीपासून दोन पूर्वज-पेशी होतात. नंतर एक पूर्वज-पेशी आणि एक चेतापेशी, अशी विभागणी सुरू होते. नवी चेतापेशी आपल्या जनक पेशीच्या लांब धाग्यावरून बाहेरच्या दिशेने चढत जाते. मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे कॉर्टेक्स या बाहेरच्या थरात, आधी जन्मलेल्या चेतापेशी आतल्या थरांत राहतात आणि नंतर जन्मलेल्या त्यांना ओलांडून वरच्या थरांत जातात. ऑर्गनॉइडमध्ये हा क्रम बराचसा दिसतो, पण माणसाच्या बाह्यकातील सहा थर त्यात स्वच्छ वेगळे होत नाहीत.

येथेच या स्वयंरचनेची मर्यादाही लक्षात येते. गर्भात मेंदूच्या खालून, वरून आणि बाजूंनी इतर ऊती रासायनिक संदेश पाठवत असतात आणि त्यांवरून पुढचा भाग कोणता, मागचा कोणता, हे ठरते. ऑर्गनॉइडला असे शेजारी नसतात. म्हणून कोणतेही मार्गदर्शन न देता वाढवलेल्या ऑर्गनॉइडमध्ये बाह्यकाच्या शेजारी डोळ्याच्या पडद्याचा काळा ठिपका, त्यापलीकडे मेंदूतील द्रव स्रवणारी ऊती, असे भाग विस्कळीत मांडलेले सापडतात. विशिष्ट रसायने देऊन मेंदूचा एकच भाग वाढवण्याची पद्धतही आहे. निरोगी आणि आजारी ऑर्गनॉइडची तुलना करायची असेल, तर मला ही दुसरी पद्धत अधिक विश्वासार्ह वाटते. पेशी आपल्या आपण काय करू शकतात, हे पाहायचे असेल तर पहिली.

ही पद्धत कोणी शोधली?

एका व्यक्तीचे नाव घेणे अन्यायाचे होईल. जपानमधील कोबे येथे योशिकी सासाई यांच्या गटाने २००८ मध्ये मूलपेशींपासून स्वतःहून रचना करणारी बाह्यकाची ऊती आणि २०११ मध्ये उंदराच्या मूलपेशींपासून डोळ्याच्या वाटीसारखी रचना वाढवून दाखवली. त्यानंतर व्हिएन्नामध्ये युर्गन नोब्लिश यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मॅडेलिन लँकेस्टर यांच्या बशीत, तळाला चिकटून वाढायला हव्या होत्या अशा पेशी चिकटल्याच नाहीत आणि तरंगते गोळे तयार झाले. ते फेकून न देता त्यांनी कापून पाहिले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधापासून हे क्षेत्र खऱ्या अर्थाने सुरू झाले.

उंदरांवर प्रयोग करता येत असताना याची गरज काय?

कारण माणसाचा मेंदू म्हणजे उंदराचा मेंदू मोठा करून ठेवलेला नव्हे. माणसाच्या गर्भात पोकळीच्या काठापासून दूर, बाहेरच्या पट्ट्यात पूर्वज-पेशींचा एक मोठा साठा असतो. उंदरात तो नावापुरताच असतो. आपले बाह्यक इतके विस्तारते, ते बऱ्याच अंशी या साठ्यामुळे. मानवी ऑर्गनॉइडमध्ये अशा पेशी आढळतात.

याचे सर्वांत चांगले उदाहरण जन्मजात लहान डोक्याचे, म्हणजे मायक्रोसेफलीचे आहे. सीडीके५आरएपी२ या जनुकातील दोषामुळे माणसात मेंदू फार लहान राहतो. तोच दोष उंदरात घातला तर तितका तीव्र परिणाम दिसत नाही. २०१३ च्या त्या निबंधात अशा एका रुग्णाच्या पेशींपासून ऑर्गनॉइड वाढवले गेले आणि ते लहान राहिले. कारण असे दिसले, की पूर्वज-पेशी आपली संख्या पुरेशी वाढवण्याआधीच चेतापेशी होऊ लागल्या होत्या. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल : बेण्याचा ऊसच आधी कारखान्याला घातला, तर त्या वर्षी हातात पैसे येतात, पण पुढच्या लागणीला बेणे उरत नाही आणि क्षेत्र वाढत नाही. त्या ऑर्गनॉइडमध्ये हरवलेले प्रथिन पुन्हा पुरवल्यावर दोष काही प्रमाणात सुधारला, म्हणून हे कारण केवळ अनुमान राहिले नाही.

झिका विषाणूच्या साथीत याचा काही उपयोग झाला का?

झाला, आणि तोही लवकर. ब्राझीलमध्ये २०१५ साली लहान डोक्याची बाळे मोठ्या संख्येने जन्माला येऊ लागली, तेव्हा झिका हाच त्याला कारणीभूत आहे की तो केवळ योगायोगाने त्याच वेळी पसरला आहे, याबद्दल खात्री नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०१६ मध्ये आणीबाणी जाहीर केली आणि त्याच वर्षी अमेरिकेतील व ब्राझीलमधील गटांनी ऑर्गनॉइडला विषाणूची लागण करून पाहिली. झिका पूर्वज-पेशींना गाठतो, त्यांना मारतो आणि ऑर्गनॉइडची वाढ खुंटते, असे दिसले. ब्राझीलमधील गटाने तुलनेसाठी डेंग्यूचा विषाणूही वापरला. त्याने पेशींत शिरकाव केला, पण तसे नुकसान केले नाही.

महाराष्ट्रातील झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात बेलसर येथे सापडला आणि २०२४ मध्ये पुण्यात गरोदर स्त्रियांनाही लागण झाली. त्यामुळे हा विषय आपल्यापासून फार दूरचा नाही. दोन्ही रोग पसरवणारा एडीस डास एकच आहे. कोल्हापूरकरांनी डेंग्यूसाठी पाळायचा, साठवलेल्या पाण्याची भांडी रिकामी करण्याचा कोरडा दिवस झिकासाठीही तितकाच कामाचा आहे.

ऑर्गनॉइड किती दिवस जगतो? तो वाढत वाढत बाळाच्या मेंदूएवढा होईल का?

जगण्याचे म्हणाल, तर तो वर्षभर आणि त्याहूनही अधिक काळ जगवता येतो. वाढ मात्र साधारण दोन महिन्यांत अडते. कारण सरळ आहे : रक्तवाहिन्या नाहीत. प्राणवायू ऊतीत केवळ झिरपून मिलिमीटरच्या काही दशांशापर्यंतच पोहोचतो, त्यामुळे गोळा मोठा होतो तसा त्याचा गाभा मरत जातो. यावर उपाय म्हणून काही गट ऑर्गनॉइडच्या पातळ चकत्या करून त्या हवा आणि द्रव यांच्या सीमेवर वाढवतात, तर काही गट रक्तवाहिन्यांच्या पेशी मिसळून पाहत आहेत.

पेशींच्या वयाबद्दल बोलायचे, तर काही महिन्यांच्या ऑर्गनॉइडमधील पेशी गर्भारपणाच्या पहिल्या व दुसऱ्या तिमाहीतील पेशींशी जुळतात. ही जुळणी तपासायची तर खऱ्या गर्भाच्या मेंदूचा तपशीलवार नकाशा हाती हवा. मद्रास आयआयटीतील सुधा गोपालकृष्णन ब्रेन सेंटरने डिसेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या तिमाहीतील गर्भांच्या मेंदूंचे ५,१३२ छेद असलेला ‘धारिणी’ हा नकाशा सर्वांसाठी खुला केला. ऑर्गनॉइडच्या बातम्यांपुढे या कामाची चर्चा आपल्याकडे फारच कमी झाली, याची मला खंत वाटते.

प्रत्येक ऑर्गनॉइड सारखाच निघतो का?

नाही, आणि या क्षेत्रातील सर्वांत मोठी डोकेदुखी हीच आहे. एकाच प्लेटमधील दोन शेजारच्या खळग्यांतील गोळेही वेगळे निघू शकतात. मूलपेशींची तुकडी बदलली, मॅट्रिजेलची बाटली बदलली, हात बदलला तरी फरक पडतो. हार्वर्डमधील पाओला आर्लोटा यांच्या गटाने २०१९ मध्ये पुढच्या मेंदूचा वरचा, म्हणजे बाह्यकाचा, भाग वाढवणाऱ्या एका मार्गदर्शित पद्धतीने केलेल्या २१ ऑर्गनॉइडमधील १,६६,२४२ पेशी एकेक करून तपासल्या आणि ९५ टक्के ऑर्गनॉइडमध्ये पेशींचे प्रकार जवळजवळ सारखे असल्याचे दाखवले. त्यामुळे टीकाकारांना थोडे उत्तर मिळाले. मात्र कॅलिफोर्नियातील एका गटाने २०२० मध्ये दाखवले, की ऑर्गनॉइडमधील पेशी सतत ताणाखाली असतात आणि त्यामुळे त्यांची ओळख खऱ्या गर्भातील पेशींइतकी स्पष्ट होत नाही. मेंदूतील रोगप्रतिकारक पेशींचा उगमही वेगळ्या ऊतीत होत असल्याने त्या बहुतेक ऑर्गनॉइडमध्ये नसतात. हव्या असतील तर वेगळ्या घालाव्या लागतात. म्हणून एका रुग्णाच्या एका ऑर्गनॉइडवरून काढलेला निष्कर्ष कोणी सांगू लागला, तर ‘किती रुग्ण, किती तुकड्या, तुलनेला कोणाच्या पेशी?’ एवढे तीन प्रश्न विचारावेत.

त्याला वेदना होतात का? तो विचार करतो का?

ऑर्गनॉइडमधील चेतापेशी विद्युत संदेश देतात, हे खरे आहे. २०१९ मध्ये सॅन दिएगो येथील अॅलिसन मुओत्री यांच्या गटाने सुमारे दहा महिने वाढवलेल्या ऑर्गनॉइडमध्ये लयबद्ध विद्युत लहरी नोंदवल्या आणि त्यांची काही वैशिष्ट्ये वेळेआधी जन्मलेल्या बालकांच्या नोंदींशी जुळतात असे मांडले, तेव्हा बरीच खळबळ उडाली. पण लहरी असणे म्हणजे जाणीव असणे नव्हे. वेदनेसाठी इजा टिपणारी चेतातंतूंची टोके लागतात, त्यांचे संदेश मेंदूपर्यंत नेणारा मार्ग लागतो आणि त्या संदेशांचा अर्थ लावणारी मोठी, जोडलेली यंत्रणा लागते. खुद्द मेंदूच्या ऊतीत वेदना टिपणारी टोके नसतात. म्हणून तर काही शस्त्रक्रिया रुग्ण जागा असताना करता येतात.

स्टॅनफर्डमधील सर्जिउ पाश्का यांच्या गटाने २०२५ मध्ये संवेदी चेतापेशी, मज्जारज्जू, थॅलॅमस (संवेदनांचे संदेश बाह्यकाकडे पोहोचवणारा मेंदूचा भाग) आणि बाह्यक असे चार वेगवेगळे ऑर्गनॉइड जोडून संवेदना वाहून नेणारा मार्ग बशीत उभा केला, आणि एका टोकाला तिखटपणा देणारे रसायन लावल्यावर संदेश पुढे गेला. आमच्याकडे हे सांगितले, की ‘म्हणजे त्याला कोल्हापुरी मिरची झोंबली’ असे कोणीतरी म्हणतेच. संदेश गेला, एवढेच म्हणता येईल. झोंबायला कोणीतरी असावे लागते. तरीही भविष्यातील अधिक मोठ्या, अधिक गुंतागुंतीच्या रचनांबाबत हा प्रश्न खुला ठेवून त्यावर देखरेख असावी, असे मला वाटते, आणि मूलपेशी संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वेही या विषयाची दखल घेतात.

ऑर्गनॉइडने व्हिडिओ गेम खेळल्याची बातमी खरी आहे का?

मेलबर्नमधील २०२२ च्या त्या प्रयोगात ‘पाँग’ हा खेळ वापरला होता, पण त्यात ऑर्गनॉइड नव्हते. इलेक्ट्रोडवर पसरलेला चेतापेशींचा सपाट थर होता. बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते.

माणसाचे ऑर्गनॉइड उंदरांच्या मेंदूत बसवतात, हे खरे का आणि कशासाठी?

खरे आहे. पाश्का यांच्या गटाने २०२२ मध्ये मानवी बाह्यकाचे ऑर्गनॉइड प्रयोगशाळेतील ‘रॅट’ या मोठ्या जातीच्या उंदरांच्या नवजात पिल्लांच्या मेंदूत बसवले. तिथे त्यांना रक्तपुरवठा मिळाला, चेतापेशी बशीतल्यापेक्षा कितीतरी मोठ्या आणि फांद्यांनी भरलेल्या झाल्या, आणि प्राण्याच्या मिशा हलवल्यावर त्या पेशी प्रतिसाद देऊ लागल्या.

यामागे टिमथी सिंड्रोम हा दुर्मिळ, जीवघेणा आजार होता. त्यात कॅल्शियमच्या एका वाहिनीचे जनुक बिघडते आणि हृदयाबरोबर मेंदूच्या विकासावरही परिणाम होतो. २०१७ मध्ये याच गटाने मेंदूच्या दोन भागांचे ऑर्गनॉइड शेजारी ठेवून जोडले होते आणि एका भागातून दुसऱ्या भागात स्थलांतर करणाऱ्या चेतापेशी रुग्णांच्या ऑर्गनॉइडमध्ये नीट पुढे सरकत नाहीत, हे दाखवले होते. २०२४ मध्ये त्यांनी जनुकाच्या संदेशातील सदोष भाग टाळायला लावणारे औषध अशा प्रत्यारोपित ऑर्गनॉइडवर वापरले आणि पेशींतील दोष सुधारला. ज्या आजाराला उंदरात नेमके प्रतिरूप नव्हते, त्याच्या औषधाची पहिली चाचणी मानवी ऊतीवर जिवंत प्राण्यात करता आली, हे मला या क्षेत्रातील आजवरचे सर्वांत समाधानकारक काम वाटते.

मग मूलपेशींचे इंजेक्शन देऊन माझ्या मुलाचा ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी बरी होईल का?

हा प्रश्न व्याख्यान संपल्यावर, बहुधा एखादी आई बाजूला घेऊन विचारते, आणि तिच्या पिशवीत कुठल्यातरी दवाखान्याचे माहितीपत्रक असते. म्हणून उत्तर आडपडदा न ठेवता देतो : नाही. ऑर्गनॉइड हे अभ्यासाचे साधन आहे, उपचार नव्हे. आणि मूलपेशींच्या इंजेक्शनांनी या दोन अवस्था बऱ्या होतात, याला पुरेसा पुरावा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विकारांसाठीचे मान्यताप्राप्त प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा रुग्णांवरील वापर केवळ मंजूर झालेल्या वैद्यकीय चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घेणे योग्य मानले जात नाही. ऑटिझमसाठी हा उपचार करू नये, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. दागिने गहाण ठेवून पाच-सहा ‘सिटिंग’ घेतलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. तोच पैसा आणि तीच वर्षे वाचा-उपचार, फिजिओथेरपी आणि योग्य शिक्षण यांवर खर्च झाली असती, तर मुलाच्या पदरात काहीतरी निश्चित पडले असते.

केळीची टिश्यू कल्चर रोपे करतात, तसेच हे आहे का?

निर्जंतुक काम आणि पोषक माध्यम, एवढे साम्य आहे. पण केळीच्या ऊतीपासून पूर्ण झाड उभे राहते. ऑर्गनॉइडपासून बाळ तर सोडाच, पूर्ण मेंदूही होत नाही.

भारतात हे काम कुठे चालते? कोल्हापुरातून या क्षेत्रात जाता येईल का?

बंगळुरूमध्ये एनसीबीएस (जीवविज्ञान), इनस्टेम (मूलपेशी) आणि निम्हान्स (मानसिक आरोग्य) या संशोधन संस्थांनी मिळून मानसिक आजारांचा इतिहास असलेल्या कुटुंबांतील व्यक्तींच्या पेशींपासून आयपीएस पेशी तयार करण्याचा दीर्घ प्रकल्प चालवला आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत डोळ्याच्या पडद्याच्या ऑर्गनॉइडवर काम होते. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे पेशीभांडार आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात जैवतंत्रज्ञान शिकता येते आणि डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात मूलपेशी व पुनर्जनन वैद्यकाचा (रिजनरेटिव्ह मेडिसिनचा) विभाग आहे.

विद्यार्थ्यांना माझा सल्ला एवढाच, की ऑर्गनॉइडच्या मागे लगेच धावू नये. आधी साध्या पेशींचे कल्चर सहा महिने निर्दोष सांभाळून दाखवावे. कल्चरमध्ये नकळत वाढणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जीवाणूची तपासणी नियमाने करावी. पेशींची गुणसूत्रे दीर्घ वाढीत बदलतात, ती तपासायला शिकावे. गणित आणि संगणक टाळून जीवशास्त्राकडे आलेल्यांनी हेही लक्षात घ्यावे, की आज या क्षेत्रातील निम्मे काम हजारो पेशींच्या जनुकीय नोंदी वाचण्याचे आहे.

गरोदर स्त्रियांना या संशोधनातून आजच उपयोगी असे काही सांगता येईल का?

थेट फारसे नाही. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या चेतानलिकेपासून होतात, ती गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या अखेरीस, म्हणजे अनेकींना दिवस गेल्याचे नुकतेच कळले असते तेव्हा, मिटते. म्हणून फॉलिक अॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची रोजची मात्रा मूल होऊ देण्याचा विचार असतानाच डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावी. हे ज्ञान ऑर्गनॉइडच्या आधीचे आहे आणि त्यापेक्षा कितीतरी अधिक बाळांच्या कामी आले आहे.

प्रयोग संपल्यावर या ऑर्गनॉइडचे काय करतात?

पेशी देणाऱ्या एका मुलीच्या वडिलांनी हा प्रश्न विचारला होता. बहुतेक ऑर्गनॉइड ठरलेल्या दिवशी रसायनात स्थिर करतात, साखरेच्या द्रावणात भिजवून गोठवतात आणि त्यांचे मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतके पातळ छेद काचपट्टीवर घेतात. मग पूर्वज-पेशींना एक रंग, चेतापेशींना दुसरा, असे रंग चढवून छायाचित्रे काढतात. काही ऑर्गनॉइड विरघळवून त्यांतील जनुकांचे संदेश वाचतात. उरलेले, वापरलेल्या पोषकद्रवासह, निर्जंतुक करून जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे नष्ट करतात. काचपट्ट्या मात्र नोंदवहीतील क्रमांकासह फ्रीजरमध्ये राहतात. त्यांवर मुलीचे नाव नसते, केवळ सांकेतिक क्रमांक असतो; आणि संमतीपत्रात तशी तरतूद असल्यास, पुढे पालकांनी संमती मागे घेतली तर त्या क्रमांकाच्या शिल्लक पेशींवर नवे काम थांबवले जाते. ते गृहस्थ म्हणाले, ‘मग एक पट्टी आम्हाला बघायला मिळेल का?’ आम्ही त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी नेले.